उतारू नसलेला भुंगा

झुंजीचा शिंगाळा भुंगा नुसता पाहून त्याची जात आणि रान सांगणारा इन्तासारखा जाणकार अख्ख्या चियांग माईत नव्हता. त्याने भुंगा उलटा केला, पायांच्या बेचक्यांत पाहिलं आणि हसला.

"हा बाजारातून आणलास, सोमखित. रानातला असता तर खसखशीएवढ्या गोचिडी अंगावर बसून आल्या असत्या. म्हणे स्वतः पकडला! असल्या थापाड्याला जावई करू?"

सोमखितने मान खाली घातली. मावशीकडे मुक्काम करून नुकतीच परतलेली बुआलाई मात्र उसळली.

"थापा नाहीत, बाबा! पहाटे माझ्यासमोर झाडावरून काढलाय त्यानं. गोचिडी मीच झाडल्या, माझ्या दातांच्या ब्रशनं!"

इन्ताने भुंगा अलगद उसाच्या कांडीवर ठेवला.

"मानलं. भुंगा रानातलाच. पण काय गं, मावशी कधीपासून रानात राहायला गेली?"