लख्ख ऊन

डेटा सेंटरच्या तळघरात पाणी शिरलं, तेव्हा मेंटेनन्सवाल्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. दहा मिनिटांत त्या दुमडण्याला काही अर्थ उरला नाही. खालच्या कप्प्यातली मशिनं तर गेलीच होती, पण वरची अजून पाण्यापासून हातभर उंच होती. मोठा पंप वेळेत आला तर ती वाचणार होती आणि त्याची नोकरीसुद्धा. पण पंपाची मंजुरी द्यायची साहेबांनी, आणि साहेब बसलेले दुसऱ्या शहरातल्या हेड ऑफिसात.

"साहेब, कमरेपर्यंत पाणी आलंय! पंप पाठवा!"

"थापा मारू नकोस. आपल्या कंपनीचं हवामानाचं अ‍ॅप समोर उघडं आहे माझ्या. तुमच्याकडे लख्ख ऊन दाखवतंय."

"सकाळचं ऊन आहे ते, साहेब! तेव्हापासून अ‍ॅप तिथंच अडकलंय."

"असं कसं अडकेल?"

"ते ज्या मशीनवर चालतं ना, ते माझ्या पायाशी पाण्याखाली बुडबुडे सोडतंय!"

छतातून गळतंय म्हणून शेजारी छत्री उघडून उभे असलेले वॉचमनकाका फोनजवळ तोंड नेऊन ओरडले, "आईशप्पथ साहेब, मी पण बघतोय!"

साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला.



"बरं बाबा, ठेवला विश्वास. तू आधी ते अ‍ॅप चालू कर. त्यात पाऊस दिसला रे दिसला, की मी पंप मंजूर करतो."