तळहात

मंत्री असो वा सिनेनट, समोरच्या खुर्चीत टेकला की वकीलसाहेबांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे. "खरं काय ते मला सांगायचं नाही. विचारेन तेवढंच बोला." खरं कळलं की कोर्टात जीभ अडखळते, हा त्यांचा अनुभव. तरी एखादा भडाभडा बोलायला लागलाच, तर त्यांचा तळहात आपसूक वर जाई आणि भल्याभल्यांची दातखीळ बसे.

आज समोरचा नामांकित नट रडकुंडीला आला होता. "साहेब, आता राहवत नाही. एकदा सगळं सांगूनच टाकतो."

तळहात वर गेला आणि हवेतच थांबला.

चार महिन्यांपूर्वी दवाखान्यात बायको म्हणाली होती, "अहो, लग्नापासून एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिलीय." तेव्हा त्यांच्या मांडीवर याच नटाची फाईल होती. मान वर न करता त्यांनी हाच तळहात दाखवला होता. ती हसून म्हणाली, "बरं, वकीलसाहेब." सुनावणी आटोपून ते निवांत विचारायला आले, तोवर ती गेली होती.

त्यांनी हात खाली घेतला. पेनाला टोपण लावलं.

"बोला," ते म्हणाले, "सगळं बोला. मला आता घरी जायची घाई नाही."