कोरा शॉवर

“एकदाही वापरला नाही, हे तुम्ही कौतुकाने सांगताय? का नाही वापरला, तेही सांगा की त्याला,” काकू म्हणाली.

“तू गप गं. व्यवहाराचं बोलतोय,” काका म्हणाला आणि टायरवाल्याकडे वळून हसला.

तिघं मोटरहोमच्या, त्या चाकांवरच्या घराच्या, आत उभे होते, म्हणजे जवळजवळ एकमेकांच्या अंगावरच. टायरवाला गाडी विकत घ्यायला आला होता. नुकतं लग्न झालेला पोरगा, बायकोला घेऊन दुकानाच्या मागच्या खोलीत राहायचा. खोलीत खिडकी नाही, रबराचा वास मात्र चोवीस तास. ही गाडी मिळाली तर त्यातून सुटका होती. ओळखपाळख काही नव्हती, पण आल्या आल्या त्याने काका-काकू सुरू केलं होतं. तसं केलं की भाव उतरतो, असं त्याला वाटत होतं.

काकाने बाथरूमचं दार उघडलं. कपाटाएवढी बाथरूम.

“बघ. नळावरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. कोरा माल. एवढी वर्षं गाडी फिरवली, पण आत थेंब सांडू दिला नाही.”

प्लास्टिक खरंच तसंच होतं. खाली पाय ठेवायच्या जागी मात्र घडीच्या खुर्च्यांचे ओरखडे होते, आणि कोपऱ्यात कांद्याची सालं.

“आणि मी कुठे आंघोळ करायचे, विचार यांना,” काकू म्हणाली. “पेट्रोल पंपावर. नाहीतर जिथे मुक्काम, तिथल्या सार्वजनिक बाथरूममध्ये, टॉवेल खांद्यावर टाकून रांगेत. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा चिखलातून काठी टेकत जायचे. आणि हे इथे बसून काचा पुसायचे.”

“आत ओल धरते. लाकूड फुगतं,” काका म्हणाला. “आणि टाकी केवढीशी. चार तांबे ओतले की खडखडाट. हिच्या आंघोळीला धरण लागतं.”

टायरवाला हसला. हसायचं नव्हतं, पण हसला.

काकाने दारावरच्या पट्टीतलं पंपाचं बटण दाबलं. नळ उघडल्याबरोबर पंप घुरघुरायला लागला. गिझर त्याने सकाळीच लावून ठेवला होता, गिऱ्हाइकासाठी.

“घाल हात.”

टायरवाल्याने शॉवरखाली हात धरला आणि झटकन मागे घेतला. “चांगलंच कडक आहे की काका.”

“मग. फसवतोय काय तुला? तुझी बायको खूश होईल.”

काकूनेही हात पुढे केला. काकाने नळ बंद केला.

“तू काय बघणार त्यात?”

काकूने दाराला लटकवलेला टॉवेल ओढला, दोघांना कोपराने बाजूला सारलं, आत शिरली आणि कडी लावली. आधी प्लास्टिक टराटरा फाडल्याचा आवाज आला. मग पंप घुरघुरला.

“अगं ए, बाहेर ये. नवा म्हणून सांगितलंय मी त्याला.”

“मग आता जुना म्हणून सांगा.”

दाराच्या फटीतून वाफ यायला लागली. साबणाचा वास आला. आत काकू काहीतरी पुटपुटत होती, की गुणगुणत होती, पाण्याच्या आवाजात नीट कळत नव्हतं.

“जाऊ दे काका,” टायरवाला म्हणाला. “विकायच्या आधी एकदा हौस फिटू दे त्यांची.”

“हौस,” काका म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. दारावरच्या पट्टीत बटणांच्या शेजारी टाकीत किती पाणी आहे ते दाखवणारे दिवे होते. सगळे हिरवे. काकाने हात वर केला आणि पंपाचं बटण बंद केलं.

आत पाणी थेंब थेंब झालं आणि थांबलं.

काका दाराला तोंड लावून अगदी गोड आवाजात म्हणाला, “संपलं ना? सांगत होतो टाकी लहान आहे. एवढी वर्षं काय खोटं बोलत होतो?”

आत नळ इकडून तिकडे फिरवल्याचा आवाज आला.

“पंप कसा बंद पडला हो? डोळ्यांत साबण गेलाय माझ्या.”

“पाणीच नाही तर पंप काय ढवळणार? पूस टॉवेलने आणि ये बाहेर. आता काय विहीर खणू इथे?”

टायरवाल्याने दिव्यांकडे बघितलं. मग बटणाकडे. हात नुसता उचलला असता तरी पोचला असता. काकाच्या ते लक्षात आलं. तो जवळ सरकला आणि हळूच म्हणाला, “दुपारी अजून एक जण येतोय गाडी बघायला. नव्या संसाराला घर होईल म्हणून मी तुला आधी बोलावलं.”

टायरवाल्याने हात खिशात घातला.

मग कडीच्या अगदी जवळून काकूचा आवाज आला, बारीक, काका तिथे नाहीच अशा सुरात.

“बाळा, तू सांग. खरंच संपलंय का रे पाणी?”

टायरवाल्याने घसा खाकरला.

“काकू,” तो म्हणाला, “मला आता निघायला हवं.”