दोन माणसांचा तंबू

"दोघांसाठी हवाय," शिकारी म्हणाला. "आणि वाऱ्यात टिकणारा. मागचा डोंगरावर फाटला, उजाडेपर्यंत मी त्याचा एक कोपरा दातात धरून बसलो होतो."

तंबूवाला हसला. आठ वर्षं तो या दुकानात तंबू विकत होता. गिऱ्हाईक हसलं की आपण हसायचं, एवढं त्याला जमायचं.

शिकाऱ्याने खिशातून यादी काढून काउंटरवर ठेवली. टपालाच्या वापरलेल्या पाकिटाची मागची बाजू. डावीकडे कललेलं अक्षर, आणि प्रत्येक ओळीआधी एक छोटीशी चौकट, काम झालं की खूण करायला. आतून लागणारी चेन. जाड तळ. उभं राहून कपडे बदलता येतील एवढी उंची.

तंबूवाल्याचं हसू तिथेच थांबलं. त्याच अक्षरातली, तसल्याच चौकटींची एक यादी त्याच्या घरी फ्रिजवर चिकटवलेली होती. पडदे, चांगली उशी, बाथरूमचा बल्ब. बल्ब तेवढा त्याने आणला होता.

काल दुकानाला सुट्टी होती. ती यादी लिहिणारी नेहमीसारखी दुपारी त्याच्या घरी आली होती. चहा पिताना तिने आपले गार पाय त्याच्या मांडीखाली सारले आणि म्हणाली, "चार दिवस ताईकडे जाऊन येते. तिला बरं नाही." मग पाच वाजले तशी घाईघाईने निघून गेली. तो मागे कप धुवत बसला. त्याला चक्क ताईची काळजी वाटली होती.

"कधी निघताय?" त्याने विचारलं.

"उद्या. चार दिवस."

"मग दोघांचा कशाला, तिघांचा घ्या. मध्ये सामान ठेवता येतं."

"मध्ये?" शिकारी त्याच्याकडे बघत राहिला. "अहो, सामान पायाशी ठेवू की."

या दुकानाची एक पद्धत होती. मागच्या अंगणात तंबू उभा करायचा, गिऱ्हाइकाला आत झोपवायचं आणि वरून दहा मिनिटं पाइपाने पाणी मारायचं. आत थेंब पडला तर तंबू फुकट. आजवर एकही फुकट गेला नव्हता.

तंबूवाल्याने दुहेरी कापडाचा हिरवा तंबू काढला. ॲल्युमिनियमच्या काठ्या, प्रत्येक शिवणीवर आतून पट्टी. चांगला माल होता. शिकारी बूट काढून आत शिरला, आडवा झाला. तंबूवाल्याने नळ सोडला.

कापडाआड गेलं की माणसं बोलायला लागतात. समोरचा दिसत नाही ना.

"आवाज तर फार येतो हो," आतून शिकारी म्हणाला.

"पावसात येणारच. बरोबरच्यांना झोप लागेल ना?"

"तिला? ती कुठेही झोपते. फक्त थंडी सोसत नाही. पाय बघाल तर बर्फ."

तंबूवाल्याने पाइप दुसऱ्या हातात घेतला.

"हौस दिसतेय त्यांना शिकारीची."

"कसली हौस. बंदूक बघितली की कानात बोटं घालते. मी एकटाच जातो नेहमी. या वेळी तीच म्हणाली, मला ने. मी म्हटलं, तब्येत बरी आहे ना?" तो आतल्या आत हसला. "फोनसुद्धा बंद ठेवायचं ठरलंय. चार दिवस कुणी म्हणजे कुणी नको."

"हे कुणाचं डोकं?"

"तिचंच."

म्हणजे याने फूस लावली नव्हती. तीच मागे लागली होती. तंबूवाल्याला मघापासून या माणसाचा राग येत होता, तो आता कुठे ठेवावा ते कळेना. बरं, माणूस पण काही देखणा नव्हता. पोट सुटलेलं, मोज्यातून अंगठा बाहेर आलेला. या अंगठ्यासाठी तिने ताईला आजारी पाडलं.

त्याने अकरा मिनिटं पाणी मारलं. एक मिनिट जास्तीच.

शिकारी बाहेर आला तो कोरडा ठणठणीत. "हाच द्या."

"हा ओला झाला. आतून याच्याच जोडीचा, बंद पिशवीतला आणतो."

हीसुद्धा पद्धतच होती. ओला तंबू बांधून दिला तर त्याला बुरशी धरते. गोदामात त्याच जातीचे दोन होते. एक नवाकोरा. दुसरा मागच्या महिन्यात परत आलेला, छताची पट्टी सुटलेला. वरून हाताला काही लागायचं नाही, पण तासभर पाऊस झाला की बरोबर मधोमध धार लागायची. तो कंपनीला परत जायचा होता. तंबूवाल्यानेच त्यावर चिठ्ठी लावली होती.

तो दोन्ही पिशव्यांसमोर उभा राहिला. डोंगरावर आठवडाभर पाऊस सांगितला होता. तिचे पाय त्याच्या डोळ्यांसमोर आले. मग ते पाय कुणाच्या मांडीखाली असतील तेही आलं.

त्याने चिठ्ठी काढून खिशात घातली.

पिशवी त्याने स्वतः गाडीत ठेवली. पट्टा आवळला, वर चार जादा खुंट्या दिल्या, अशाच. शिकाऱ्याला फार बरं वाटलं. त्याने यादीतल्या सगळ्या चौकटींवर खुणा केल्या, गाडीत बसला, आणि काच खाली केली.

"खरं सांगू का, मी बाजारातल्या मोठ्या दुकानातून घेणार होतो. पण आमच्या हिने ऐकलं नाही. लग्नाला बारा वर्षं झाली, पहिल्यांदा माझ्याबरोबर येतेय, आणि अट एकच घातली. तंबू तुमच्याच हातून घ्यायचा. म्हणाली, तो माणूस मला वाईट माल देणारच नाही."