बिनचौकटीची काच

शेवटचा टेकू काढला आणि काच हलली. गुरुबसप्पाने दोन्ही तळवे तिला लावले, खांदाही दिला.

"शेठ, माणसं आणा! पळा!"

रुद्रप्पा शेठ धोतर सावरत भवानी पेठेच्या गर्दीत घुसले. संध्याकाळी त्यांच्या साडीच्या दुकानाचं उद्घाटन होतं. मुंबईला एक दुकान बघून आल्यापासून त्यांनी हट्टच धरला होता. चौकट नको, पट्टी नको, पुरुषभर उंचीची काच लोखंडी सांगाड्याला नुसत्या सिलिकॉनने चिकटवायची.

गुरुबसप्पाची हयात लाकडी चौकटीत काचा बसवण्यात गेलेली. तरी त्याने सिलिकॉन विकणाऱ्या मुंबईच्या माणसाचा शब्द न् शब्द पाळला. लोखंड स्पिरिटने लख्ख पुसलं. "आता बोटसुद्धा लावायचं नाही, घामाचा डागही चालत नाही," असं त्या माणसाने बजावलं होतं.

त्या दिवशी सगळं सोलापूर सिद्धरामेश्वराच्या यात्रेत होतं. बायको महानंदा तैलाभिषेकाहून थेट डबा घेऊन इथे आली. तो मागच्या खोलीत जेवायला बसला, तेव्हा ही पुढे राखणीला बसली. तिने माशीलाही फिरकू दिलं नाही. मग त्याने सिलिकॉन भरलं, काच दाबली, टेकू लावले आणि पुरते चार दिवस कुणाला हात लावू दिला नाही.

आणि आज हे. गेल्या साली हातातून निसटलेल्या एका काचेने त्याचं मनगट चिरलं होतं. ही तर त्याहून चौपट.

महानंदा आजचा डबा खाली ठेवून धावली आणि त्याच्या शेजारी तळवे टेकून उभी राहिली.

"तू हो बाजूला!"

"न्हाय."

"अगं, पडली तर दोघंबी जाऊ!"

काच बोटभर खाली घसरली. रस्त्यावर शेठ दिसेनात. गुरुबसप्पाने खांदा आणखी रेटला. हात सोडता येत नव्हते, डोळे पुसता येत नव्हते.

"मुंबईचं सामानच खोटं निघालं," तो रडवेला होऊन म्हणाला. "माझं काय चुकलं गं?"

"तुमचं कायबी चुकलं न्हाय. अन् ही पडत बी न्हाय. माझी खात्री हाय."

"कशावरनं?"

महानंदा हसली.

"तुमी जेवत होता की, तवा सिद्धरामेश्वराचं तेल चोळलंय मी त्या लोखंडाला. चारी बाजूनी. कुटं बोटभर जागा सोडली न्हाय."