माझगावातले तीन दिवस

सालोमीचं लग्न झालं ते १९५२ च्या जानेवारीत. मांडवाच्या खांबांचे खड्डे अंगणात अजून बुजले नव्हते, आणि ओट्यावर बसून तिची आई उर्सुला मुलाच्या मुंबईतल्या मुक्कामाची जुळवाजुळव करत होती.

"बोट सोमवारी सुटते, आय," बाबू म्हणाला. "रविवारी निघालो तरी चालेल. मार्सेलमामाकडे वांद्र्याला एक रात्र काढू."

"शुक्रवारी निघायचं. आणि मार्सेलकडे नाही. माझगावला एक बाई खोली देते, तिथे राहू."

"सख्खा भाऊ सोडून परक्याच्या दारात?" तिचा नवरा बॅप्टिस्ट म्हणाला. बोटीवर न्यायच्या, उन्हात वाळवलेल्या सुकेळ्यांच्या पुड्या बांधता बांधता त्याने मानही वर केली नाही.

"मार्सेलचं तोंड दिवसभर चालतं. बाबू, बाबू करत सगळी चाळ गोळा करील."

बॅप्टिस्टने पुडीची गाठ आवळली.

आगाशीतल्या त्यांच्या वाडीची विहीर तीन वर्षांपासून खारी झाली होती. केळी गुडघाभर वाढत आणि पिवळी पडत. मोंबासाच्या एका कंपनीच्या गोदामात बाबूला जागा मिळाली होती, घराची सगळी आशा आता त्या नोकरीवर होती. कंपनीला पंचविशीच्या आतले तरुण हवे होते. कंपनीचा साहेब शनिवारी मुंबईत एकेकाला समोर बसवून प्रश्न विचारणार होता, आणि सोमवारी बंदरावर पुन्हा कागद तपासणार होते. मागल्या वर्षी शेजारच्या गावचा एकजण जन्मतारीख सांगताना अडखळला, तो पेटी डोक्यावर घेऊन घरी परत आला होता.

म्हणून उर्सुला रोज दिवेलागणीची प्रार्थना झाली की मुलाला समोर बसवी.

"नाव?"

"फर्डिनंड."

"बापाचं?"

"बॅप्टिस्ट."

"जन्म?"

"अठरा सप्टेंबर, एकोणीसशे अठ्ठावीस."

"थांबलास."

"कुठे थांबलो?"

"थांबलास. परत सांग."

बाप्तिस्म्याचा दाखला तिने स्वतः फादरांकडे जाऊन आणला होता. त्याच्यावरून पुढचे सगळे कागद झाले. काम झाल्यावरही तो दाखला तिने पेटीत टाकला नाही, आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवला.

गुरुवारी शत्रुघ्न न्हावी आला. बाबूची मान वाकवून तो म्हणाला, "कानामागं पांढरे दिसतात रे. आफ्रिकेला नोकरीला चाललास की पेन्शन घ्यायला?"

"उपटून टाक," उर्सुला म्हणाली. "एकही ठेवू नकोस."

शुक्रवारी पहाटे पेटी बाहेर काढली, तरी बॅप्टिस्टने कपडे बदलले नव्हते.

"तुम्ही येत नाही?" उर्सुलाने विचारलं.

"तू जा. त्या नावानं हाक मारणं माझ्याच्यानं होणार नाही."

"तीन दिवसांचा तर प्रश्न आहे."

"तुला जमेल. मला नाही."

त्याने मुलाच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढला आणि तो वाडीत निघून गेला.

माझगावची खोली जिन्याखाली होती. मालकीण विनीबाई जाडजूड आणि बोलकी होती. उर्सुलाने पहिल्या दिवसापासून मुलाला घरच्या नावाने एकदाही हाक मारली नाही. फर्डिनंड, हात धुतलेस का. फर्डिनंड, मासळी थंड होते. फर्डिनंड, इकडे बघ. सुरुवातीला तो वळतच नसे. मग ती भर बाजारात दहा पावलं मागे राही आणि हाक मारी, तो वळेपर्यंत मारी.

"किती हाका मारता लेकाला," विनीबाई हसली. "नाव झिजेल की."

"सोमवारनंतर कुणाला मारू?"

विनीबाईने मग चहा आणून दिला.

शनिवारी बाबू कंपनीच्या कचेरीतून बाहेर आला तेव्हा त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. साहेबाने सगळं विचारलं, आणि तो कुठेच अडखळला नव्हता. रविवारी चर्चमधल्या मिसाहून परतताना तो म्हणाला, "आता मला जमतं, आय. सवय झाली. पुरे कर."

"अजून एक दिवस आहे," ती म्हणाली. त्या संध्याकाळी तिने त्याला समोर बसवून स्वतःच्या हाताने भात भरवला. त्याला लाज वाटली, पण तो जेवला.

सोमवारी बंदरावर सालोमी नवऱ्याबरोबर आली. आणि कुणी न बोलावता मार्सेलमामाही आला, हातात हार घेऊन. लांबूनच त्याने तोंड उघडलं. उर्सुला लगबगीने पुढे झाली आणि तिने त्याचं मनगट धरलं.

"रडायचं असेल तर मुकाट्यानं रड. हाक मारायची नाही."

मार्सेलने बहिणीचा चेहरा पाहिला आणि हार खाली केला.

बोटीच्या जिन्याशी बसलेल्या कारकुनाने नाव पुकारलं. बाबू मामाकडे बघत होता. तो हलला नाही. कारकुनाने पुन्हा पुकारलं, मान वर केली, आणि यादीवर पेन टेकवलं.

"फर्डिनंड," उर्सुला म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "जा, बाळा. तुला बोलावतात."

पाळण्यापासून तीच हाक ऐकत आल्यासारखा तो वळला. कारकुनाने कागद पाहिले, तोंडाकडे पाहिलं, शिक्का मारला. बोटीच्या वरच्या कठड्याशी जाऊन बाबूने हात हलवला. बोट धक्क्यापासून सुटली तरी उर्सुला त्याच नावाने हाका मारत होती. आता त्या हाकांची कुणालाच गरज नव्हती. सालोमीने आईला रडताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

संध्याकाळी उर्सुला घरी पोचली. बॅप्टिस्ट ओट्यावर बसला होता.

"गेला?"

"गेला."

"हाक मारलीस?"

"तीन दिवस. पोटभर."

त्याने तिला बसायला जागा करून दिली.

बाबूचा धाकटा भाऊ फर्डिनंड १९२९ च्या ऑगस्टमध्ये, अकरा महिन्यांचा असताना, गोवराने वारला.