झिपरूची पावरी

"परत लाव," चतुराबाई म्हणाली. मांडीवरची मेथी तशीच राहिली.

नातीने, मोहिनीने, मोबाइलवर गाणं पुन्हा लावलं. ते तिला आदल्या दिवशीच सापडलं होतं आणि तेव्हापासून घरात दुसरं काही वाजत नव्हतं. आधी कीबोर्डचा घुमारा, मग परमुलखातला कसलासा ढोल, आणि त्या गलबल्यातून अचानक पावरी. वाळल्या भोपळ्याची, बांबूच्या नळ्यांची, सुरगाण्याच्या डोंगरातली पावरी. चाल एकेक पायरी उतरत खाली आली. शेवटची पायरी तेवढी राहिली, आणि चाल तिथूनच माघारी फिरली.

"माझा भाऊ वाजवतोय."

"आजी, हे फ्यूजन आहे. चार देशांतले लोक आहेत यात. ढोलवाला सेनेगलचा आहे, तोही तुझाच भाऊ का?"

"तो नसंल. पावरीवाला हाय."

झिपरू तिच्याहून दोन वर्षांनी लहान. ती चौदाची होती तेव्हा दोघांची गवत कापायची पैज लागली. जिंकायच्या नादात तिचा विळा गवताबरोबर झिपरूच्या करंगळीवरून गेला. बापाने विचारलं तेव्हा झिपरू म्हणाला, "माझ्याच हातून लागला." चतुरा गप्प राहिली. जखम भरली, पण बोट अर्धंच उरलं. पावरीचं शेवटचं भोक त्याच बोटाने झाकायचं असतं. ते उघडं राहू लागलं आणि सगळ्यांत खालचा सूर झिपरूच्या पावरीतून कायमचा गेला. पुढे डोंगऱ्या देवाच्या उत्सवात जाणत्यांनी त्याच्या हातातून पावरी काढून घेतली. देवापुढे अपुरी चाल नको म्हणाले. त्या रात्री झिपरू जेवला नाही. वर्षभरात मजुरीला म्हणून गुजरातेत उतरला तो परत आलाच नाही. तेव्हाही चतुरा गप्पच होती. लग्न होऊन नाशकात आली, मुलं झाली, नातवंडं झाली, तरी ते एक वाक्य घशातच राहिलं.

मोहिनीने मोबाइलवर शोधलं. ही मंडळी रविवारी दिंडोरीजवळच्या एका द्राक्षमळ्यात वाजवणार होती.

चौऱ्याहत्तर वर्षांची चतुराबाई नातीच्या स्कूटीवर मागे बसली. कडेला नागलीची भाकर आणि खुरासणीची चटणी बांधलेली पिशवी. सबंध रस्ताभर ती पुटपुटत होती. मोहिनीला वाटलं, आजी घाबरून देवाचं नाव घेतेय. ती म्हणत होती, "झिपा, विळा माझा व्हता. झिपा, विळा माझा व्हता."

मळ्यात दुपारची तयारी चालली होती. वेलींच्या पुढे मांडव, वायरींची भेंडोळी, माइकची टकटक. कीबोर्डशी एक गोरी मुलगी, ढोलाशी एक उंच काळा माणूस. म्हातारा कुठेच नव्हता. जीन्स घातलेला तिशीचा एक जण खुर्चीवर बसून पावरी पुसत होता.

"ही वाजवतं कोण?" चतुराबाईने विचारलं.

"मीच, आजी. ललित माझं नाव."

"खोटं नको बोलू. त्या गाण्यात झिपरू हाय."

ललित उठून उभाच राहिला. "तुम्ही बाबांना वळखता? माझे गुरू ते. गुजरातेत, आहव्याजवळ आमच्या गावात राह्यचे. त्यांनीच शिकवलं आम्हाला, आठ जणांना." पुसायचं फडकं त्याने खुर्चीच्या पाठीवर टाकलं. "चार वर्सं झाली बाबांना जाऊन."

मोहिनीने आजीचा दंड धरला. चतुराबाई मनातल्या मनात माहेरच्या सुरगाण्याहून आहव्याचा रस्ता मोजत होती. सकाळच्या जीपने निघालं तर दुपारच्या भाकरीला पोचता येईल, एवढाच होता तो.

"घरचं काही बोलायचा?"

"लय नाय. एक बहीण हाय म्हणायचे. गवत कापण्यात तिला कुणी हरवू शकत नाय, असं सांगायचे. हसायचे."

"आन् बोटाचं?"

"बोट? ते त्यांच्याच हातून लागलं व्हतं ना, ल्हानपणी."

चतुराबाई खुर्चीवर बसली. पिशवी मांडीवर घेतली.  मग म्हणाली, "वाजव."

ललितने पावरी ओठाला लावली. तीच चाल. तिने डोळे मिटले तर समोर झिपरूच होता. चाल उतरत आली, शेवटच्या पायरीशी थांबली, माघारी फिरली. चतुराबाईने डोळे उघडले. नळीवरची ललितची बोटं तिने एकेक करून पाहिली. सगळी धड होती. करंगळी मात्र त्याने तळव्यात दुमडून धरली होती.

"ती का दुमडलीस?"

"अशीच धरायची असते, आजी. बाबा तशीच धरायचे. आम्ही आठही जण तशीच धरतो."

तिने त्याचा हात ओढून घेतला. त्याची करंगळी सोडवली, सरळ केली आणि शेवटच्या भोकावर टेकवली.

"आता वाजव."

चाल उतरली. एकेक पायरी करत खाली आली, आणि या वेळी शेवटच्या पायरीवरही उतरली. साठ वर्षांनी तो सूर चतुराबाईच्या कानी आला. खोल, भरलेला, बापाच्या अंगणातला. तिच्या डोळ्यांना धार लागली.

ललितने वाजवणं थांबवलं. पावरी खाली घेऊन त्याने तोंड वाकडं केलं.

"नाय, आजी. हे चुकलं. याचा शेवट असा नसतो."

आणि त्याने करंगळी पुन्हा दुमडून घेतली.